थांबली की झोपणारी गाडी

सगुण मणेरीकर रागावला की डिचोलीच्या बाजारात नारळ आपोआप तडकतात, असं मी सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. म्हणा. तडकलेला एक नारळ मी या डोळ्यांनी पाहिला आहे. विकणारी बाई म्हणाली तो उन्हाने तडकला, पण तिला सगुण माहीत नव्हता.

मला माहीत आहे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक जास्वंदीचं कुंपण आहे आणि सगुणचा राग त्या कुंपणाला आजवर अडलेला नाही.

गोवा राज्य झालं त्या वर्षी हा माणूस सीमेपलीकडच्या मणेरीहून डिचोलीला आला आणि खनिजाचा ट्रक चालवायला लागला. खाणीवर माल भरायचा, आमोण्याच्या बाजूला नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, परत यायचं. धक्क्यावर ट्रकांची लायन लागे. ती मुंगीच्या पावलाने सरके. लायनीत इंजिन बंद करायचं नाही, हा डायवरांचा कायदा. ज्याचं इंजिन लायनीत बंद पडलं त्याचा नंबर गेला. मागचे हॉर्न देत, दात काढत, बाजूने पुढे निघून जात आणि मोसम संपेपर्यंत त्या माणसाला ‘मढं’ म्हणत.

सगुणला कोणी मढं म्हटलं नाही. त्याचा ट्रक चालू झाला तो चालूच राहिला. लग्नाच्या दिवशीही मांडवाबाहेर ट्रक घुरघुरत होता, भटजींनी मंगलाष्टकं त्या आवाजाच्या वर म्हणायची म्हणून पट्टी चढवली आणि नंतर आठवडाभर भटजी कुजबुजूनच बोलत होते. बायकोने, म्हणजे गंगावहिनीने, संसाराची पहिली काही वर्षं नवऱ्याशी खुणांनीच बोलून काढली.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात उभा राहिला आणि वर्षभरात त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला. आरशाला लटकलेली दोडकी काढून गंगावहिनीने भाजी केली. सगुणने पानावरून ती बाजूला सारली. तेव्हापासून त्या घरात ‘बंद’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. दार ‘ओढून घेतात’. दिवा ‘मालवतात’. टीव्ही ‘गप करतात’.

अशा घरात पल्लवीने गाडी आणली.

पल्लवी ही सगुणची एकुलती मुलगी. औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला. बापाचे हात स्टेअरिंगवाचून वाळत चाललेत हे तिला दिसत होतं. म्हणून तिने तांबड्या रंगाची नवी कोरी गाडी घेतली, चावी बापाच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “बाबा, तूच चालव.” सगुणने गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मला मागे बसवलं, मुलीला शेजारी बसवलं आणि गाडी बाजाराकडे काढली. इतका आनंदी मी त्याला फार वर्षांनी पाहत होतो.

बाजाराच्या वळणावर पुढे बस थांबली. सगुणने गाडी थांबवली, गियर काढला, क्लचवरून पाय उचलला. आणि गाडी मेली.

म्हणजे आवाज थांबला. सगुणच्या अंगावर काटा आलेला मला मागून दिसला, अगदी मानेवर. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला. तिच्या मागे टेंपो, त्याच्या मागे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीची ती रबरी पोंक पोंक.

“बाबा, क्लच दाबा,” पल्लवी म्हणाली.

“नवीन गाडी,” सगुण म्हणाला. “नवीन गाडी आणि बाजारात बंद पडली.” घरातला तो शब्द त्याच्याच तोंडून आला, यावरून काय ते समजा.

“ती बंद पडूक नाय. तेल वाचवूक आपसूक थांबता. क्लच दाबलास की आपसूक चालू होता.”

“कोणाक विचारून?”

“कोणाक विचारूचा नसता, बाबा. मशीन आसा ता.”

“मी डायवर. मी आत बसलेलो. आणि ह्या माका न विचारता झोपता?”

त्याने क्लच दाबला. इंजिन लगेच उठलं. तो आणखी चिडला. न उठतं तर बरं झालं असतं, निदान बॉनेट उघडून शिव्या घालता आल्या असत्या. हे म्हणजे मेलेला माणूस तिरडीवरून उठून ‘चला, कुठे जायचंय’ विचारतो तसं झालं. बाजार संपेपर्यंत गाडी गाय आडवी आली म्हणून झोपली, केळीवाल्याने हातगाडी वळवली म्हणून झोपली आणि पंचायतीचे एक माजी सदस्य रस्त्याच्या मधोमध उभं राहून नाक शिंकरत होते म्हणून झोपली. दर वेळी सगुणने तिला नवी शिवी दिली. एकही शिवी दुसऱ्यांदा वापरली नाही. मणेरीच्या माणसाची भाषा श्रीमंत असते.

घरी आल्यावर पल्लवीने त्याला एक बटण दाखवलं. ते दाबलं की झोपायची सोय रद्द. फक्त गाडी चालू करताना दर वेळी नव्याने दाबावं लागे, कारण गाडी आदला दिवस विसरून जाते.

“म्हणजे रोज सकाळी मी गाडीक सांगूचा, बाय माझे, आज मरू नको?”

“एक बोट लावूचा, बाबा.”

“लावूचंय नाय. हात जोडून गाडी चालवणारो डायवर मी नाय.”

हा हट्ट महागात पडला, तो असा.

पल्लवीच्याच कारखान्यात पेडण्याकडच्या कोरगावचा गौरेश नोकरीला होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, गंगावहिनीला मुलगा आवडला, मुलाच्या आईला, कमलाक्षीबायला, मुलगी आवडली. सगळं जुळलं होतं. राहिला होता तो मुलाच्या बापाचा शब्द. शिवदास कोरगावकर, काजूचा बागायतदार, माणूस लोण्यासारखा मऊ, पण त्याचं सगळं आयुष्य संकेतांवर चालायचं. पाल कुठे चुकचुकली, कावळा कोणत्या फांदीवर बसला, शिंक डावी की उजवी. काजूच्या बोंडातून किडा निघाला तर तो कोणत्या दिशेला तोंड करून निघाला हे आधी पाहणार आणि मग बोंड टाकणार. त्याने डिचोलीला यायचं, घर बघायचं, चहा घ्यायचा आणि शब्द द्यायचा, असं ठरलं. गौरेशने पल्लवीला बजावून सांगितलं होतं, बाबांनी एकदा ना म्हटलं की देव आला तरी ते फिरत नाहीत. मुलगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

“आणूक मी जातंय,” सगुण म्हणाला. “व्याह्याक बसने येवक सांगणारो बापूस मी नाय.”

मला सोबत घेतलं. कोरगावात पोचलो, आंब्याचं पन्हं झालं, उन्हाने जीव नकोसा झाला होता म्हणून एसी जोरात लावून परत निघालो. पुढे शिवदासबाब, मागे मी आणि कमलाक्षीबाय. गावातल्या बाजारात म्हशी आडव्या आल्या, गाडी थांबली, पण इंजिन चालूच राहिलं. सगुणने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडीला अक्कल आली असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं.

गावाच्या शिवेवर सातवणाचं एक जुनं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी एक उभा धोंडा. तो तिथला राखणदार. गाव सोडून जाणारा प्रत्येक जण तिथे थांबतो, हात जोडतो, मग पुढे जातो. ट्रकवाले, बसवाले, अगदी मिरवत जाणारे मोटारसायकलवालेसुद्धा.

“सगुणबाब, हांगा मातशी रावया,” शिवदास म्हणाला. “आनी तो एसी पालय, काचो सकल घे. पेटयेंत बसून देवाक नमस्कार करीनत.”

सगुणने एसी मालवला. काचा खाली घेतल्या. गाडी थांबवली, गियर काढला, हात जोडायचे म्हणून स्टेअरिंग सोडलं आणि क्लचवरून पाय उचलला.

इंजिन झोपलं.

सातवणावर एक पाखरू बोलत होतं तेही थांबलं. शिवदासचे जोडलेले हात तसेच राहिले आणि तोंडाचा रंग काजूच्या कच्च्या बोंडासारखा झाला.

“बंद पडली,” तो म्हणाला.

“नाय,” सगुण म्हणाला. “ही तशीच. थांबली की झोपता. तेल वाचवता.”

“बाजारांत म्हशी आड आयल्यो तेन्ना झोपली ना.”

सगुणने आरशातून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, आणि मी बोलायची संधी सोडणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे हे मला ओळखणारे जाणतात.

“राखणदारान अडयली,” शिवदास दार उघडत म्हणाला. “ह्या लग्नाक तो ना म्हणता, सगुणबाब. तुजेर राग ना. पोरयेर राग ना. पूण तो ना म्हणता.”

कमलाक्षीबाय पुटपुटली, “अहो, यंत्र तें.” नवऱ्याने ऐकलं नाही. दोघं उन्हातून घराकडे चालत गेली. ती मागे वळून वळून बघत होती, तो वळला नाही.

म्हापशापर्यंत सगुण नुसता गियर ओरबाडत राहिला. म्हापशाला सुरू झाला. गाडी करणारा, गाडी विकणारा, ज्याने हे डोकं लावलं तो, त्याला ज्याने शिकवलं तो मास्तर, कोणी सुटला नाही. अस्नोड्याजवळ त्याचा आवाज इतका तापला की पुढच्या काचेवर आतून वाफ धरली. मी माझ्या रुमालाने पुसली, म्हणून सांगतो.

घरी पल्लवी दारातच उभी होती. गौरेशचा फोन आधीच आला होता.

“बटण दाबललास?” तिने विचारलं.

सगुणने चावी खिशात घातली.

“बाबा, मी विचारतंय. बटण दाबललास?”

“नाय.”

“एक बोट, बाबा. माझ्या लग्नापेक्षा तुझा एक बोट मोठा?” ती रडली नाही. रडली असती तर सगुणला सोपं गेलं असतं. “एसी जोरात आसलो की ता इंजिन थांबणा नाय. एसी बंद केलास, म्हणून थांबला. बाजारात म्हणून थांबूक नाय. ह्यात राखणदार खय इलो?”

तिने ‘बंद’ म्हटलं आणि कोणी तिला टोकलं नाही. गंगावहिनी आतून म्हणाली, “पोरगेचा खरा आसा. पंचवीस वर्षां मशीन चालवल्यान म्हणता आणि एक बटण दाबूक लाजता.”

“मगे ह्या तेका सांगा ना,” सगुण ओरडला. “माका काय सांगतास? तेका सांगा. धोंड्याक माझी पोरगी नको आसा, असा तो गावभर सांगत फिरतलो.”

“तूच सांग. दाखव. घेवन जा आणि दाखव, ही गाडी खयय झोपता म्हणून,” पल्लवी म्हणाली.

गौरेशने हा निरोप कोरगावला पोचवला. कमलाक्षीबायने तिथे घरी दोन दिवस स्वयंपाकघरातली सगळी भांडी जरुरीपेक्षा जोरात आपटली, तेव्हा कुठे शिवदास म्हणाला, “बरें. दाखयात.”

इकडे सगुणने सराव सुरू केला. आदल्या दिवशी सकाळपासून अंगणात गाडी थांबवतोय, झोपवतोय, उठवतोय, परत झोपवतोय, आणि दर झोपेला तिच्या आईबापांचा उद्धार करतोय. दोडक्याच्या वेलाखालून जुना ट्रक हे सगळं बघत होता. त्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या कोंबड्यांनी अंडी घातली नाहीत. हे मी विचारून खात्री केलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोरगावात. या खेपेला पल्लवीही होती, मागे माझ्या आणि कमलाक्षीबायच्या मधे. एसी नाही, काचा खाली, सगळं तिच्या हुकुमाप्रमाणे.

“बघा हां, शिवदासबाब,” सगुण म्हणाला आणि घरासमोरच गाडी थांबवून क्लच सोडला.

इंजिन चालूच राहिलं.

पुढे दुकानासमोर थांबवली. चालूच. शाळेसमोर, काजूच्या भट्टीसमोर, एका कुत्र्यासमोर, जे केवळ सगुणला मदत म्हणून रस्त्यात आडवं झालं होतं. इंजिन आपलं चालूच, एखाद्या हुशार मुलासारखं. सगुणच्या कानशिलावरची शीर उडत होती.

“झोप,” तो गाडीला दातांमधून म्हणत होता. “झोप गे रांडे, काल दिसभर झोपलंस.”

“काल दिसभर केलास म्हणूनच,” पल्लवी पुढे वाकून कुजबुजली. “बॅटरी उतरली, इतक्या वाटेन येवनय पुरी भरूक नाय. उतरली की ता थांबणा नाय. जरा फिरव, भरतली.”

“गप रव.”

“जरा फिरव, बाबा.”

त्याने फिरवली. सगळं कोरगाव फिरवलं, शेजारचं गाव फिरवलं, अशा वाटांनी की शिवदासनेही त्या पाहिल्या नव्हत्या. शेवटी शिवदास कंटाळून म्हणाला, “पुरो आतां. शिवेर वचून नमस्कार करया आनी माका घरा सोड.”

सातवणापाशी गाडी थांबली. भरपूर फिरून बॅटरी आता तुडुंब भरली होती. सगुणने गियर काढला, क्लच सोडला.

झोपली.

“पळयलें?” शिवदास हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, खरंखुरं दुःख होतं, आणि त्यामुळेच सगुणच्या डोक्यातलं जे काही उरलंसुरलं झाकण होतं ते उडालं.

त्याने दार असं आपटलं की सातवणाची पानं पडली. चपला मात्र काढून ठेवल्या. इतक्या रागातही चपला काढल्या, हे मला आवडलं. धोंड्यासमोर जाऊन उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालायला लागला.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभ्याने मोठ्याने केलेली विनवणी. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. ते जिभेलाच येतं. झोपेतल्या माणसाच्या कानाशी कोणी ‘म्हाराजा’ म्हटलं तरी तो ‘व्हय’ म्हणून कूस बदलतो. आणि शिवदासचा तर गावाच्या गाऱ्हाण्यात आवाज सगळ्यांत मोठा.

“बा राखणदारा म्हाराजा,” सगुणने सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा.” आम्ही चौघंही गाडीतून उतरून मागे उभे राहिलो होतो. उतरल्याचं मला आठवत नाही.

“तुका नारळ आणूक नाय, विडी आणूक नाय. राग घेवन इलंय.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या तांबड्या गाडयेच्या पोटात कोणी तरी एक शाणो बसवल्यान हा. मी थांबलंय की तो झोपता. मी चललंय की उठता. माका विचारीत नाय. तुकाय विचारीत नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“ज्या कोणी ह्या काढल्यान, तो तोंडाक साबण लावन न्हाणयेत उभो रवलो की नळ आपसूक बंद होवंदे.”

“व्हय म्हाराजा.”

“जेवक बसलो की दर घासाक पंखो बंद पडांदे. आणि चालू करूक तेका दर खेपेक उठून पायान काय तरी दाबूक लागांदे.”

“व्हय म्हाराजा.” कमलाक्षीबायचा पदर तोंडात होता, तरी तिने म्हटलं.

सगुणला आता श्वास पुरेना. मान लाल, हात जोडलेले, पण जोडलेल्या हातांनीच तो धोंड्याला दम देत होता. “माझी पल्लवी आणि शिवदासबाबांचो गौरेश, हेंच्या मधी तोंड घालूचो ह्या इंजिनाक अधिकार नाय, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या लगीन ठरला ता ठरला.”

“व्हय म्हाराजा.”

“गौरेशाच्या बापाशीन आज तुझ्या पायाकडे शब्द दिल्यान, तो फिरूचो नाय.”

“व्हय म्हाराजा,” शिवदास म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने. नेहमीसारखा.

शिवदासचं तोंड उघडंच राहिलं होतं, जणू गेलेला शब्द त्याच वाटेने परत येतो का बघत होता.

“हांवें कितें म्हटलें?” त्याने विचारलं.

“व्हय म्हटलें,” कमलाक्षीबाय म्हणाली. “हांवें आयकलें. ह्या रघुनाथबाबान आयकलें. तेणेंय आयकलें.” आणि तिने आधी माझ्याकडे, मग धोंड्याकडे बोट केलं.

“तें संवयेन आयलें गे.”

“मग तेका सांग, संवयेन आयलें म्हणून. सांग. तो हांगाच आसा.”

शिवदासने धोंड्याकडे पाहिलं. राखणदारापुढे व्हय म्हणून नंतर नाही म्हणणारा माणूस पेडण्यात अजून जन्माला यायचा आहे. सगुणने हे मुद्दाम केलं की रागाच्या भरात निघून गेलं, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो मुद्दाम म्हणेल.

सगळे गाडीत बसलो. पल्लवीने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी अंगठी वाकली. शिवदास मात्र मनात काहीतरी मांडत होता आणि हळूहळू त्याच्या तोंडावर ऊन यायला लागलं.

“म्हणजे,” तो म्हणाला, “राखणदारान गाडी अडयली ती ना म्हणूंक न्हय. गाऱ्हाणें घालून घेवंक अडयली. पयलेफावट आमकां कळ्ळें ना, म्हणून परत अडयली. आनी मदीं खंयच अडयली ना. कितें शाणो देव पळय.”

सगुणची मान पुन्हा लाल झाली. “शिवदासबाब,” तो म्हणाला, “ता इंजिन...”

पल्लवीचं बोट मागून त्याच्या खांद्यात रुतलं. एकच बोट. मी पाहिलं.

“खरें मू, सगुणबाब?” शिवदासने विचारलं. तो आता हसत होता, व्याह्यासारखा.

सगुणने समोरच्या तांबड्या बॉनेटकडे पाहिलं. त्या बॉनेटखाली त्याचा शत्रू आरामात झोपला होता, आणि कोरगावात यापुढे त्याचा देवाचा दूत म्हणून मान होणार होता. सगुण हे आयुष्यभर ऐकणार होता. बारशाला ऐकणार होता, मुंजीला ऐकणार होता.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला आणि क्लच दाबला.

इंजिन आपसूक उठलं. शिवदासने डॅशबोर्डला हात लावून कपाळाला लावला. सगुणच्या दातांचा आवाज मला मागच्या सीटवर ऐकू आला.